पेगचं वजन

दीड किलो उकडलेलं हॅम, लोणी घातलेले बटाटे आणि ते नीट घशाखाली उतरावं म्हणून वाडगाभर दूध. एवढं सगळं मी एका शनिवारी भरदुपारी शेजारच्या नोरीन टुहीकडच्या पेग नावाच्या शर्यतीच्या कुत्रीला खाऊ घातलं, आणि संध्याकाळी ट्रॅकवरच्या वजनकाट्याने पेगला शर्यतीतून बाद केलं. मागच्या शर्यतीपेक्षा वजनात किलोभराहून जास्त फरक पडला की ग्रेहाउंड पळवू देत नाहीत. आमच्या आयर्लंडातल्या टिपररीत हा नियम पाळण्यातल्या बाळालाही ठाऊक असतो. चाळीस वर्षं शाळा चालवूनही मला मात्र तो ऐन वेळी आठवला नाही. ग्रेहाउंडचे डोळेच तसे असतात. तिने नुसतं पाहिलं तरी आपण पिढीजात अन्नचोर आहोत असं वाटायला लागतं.

नोरीनने नवऱ्यामागे त्याचा कोट आणि त्याचा धंदा दोन्ही चालू ठेवले. लोकांची कुत्री ती तयार करते आणि पळवते. रोज संध्याकाळी त्यांच्या पायांना तेल चोळते. स्वतःचे गुडघे कुरकुरतात, त्यांना चोळायला तिला वेळ नाही. कुत्र्यांना करमावं म्हणून त्यांच्या खोलीत रेडिओ लावून ठेवते.

पेगचा मालक फिंटन लाही, फरशांचा दुकानदार. पेगच्या मागच्या उजव्या पायाचा घोटा पंधरा दिवस गरम लागत होता, म्हणजे आत काहीतरी दुखावलं होतं. वळणावर सगळा भार त्याच पायावर येतो. तिथे हाड मोडलं की डॉक्टर ट्रॅकवर हिरवा पडदा धरतात, आणि पडद्यामागून कुत्रा परत येत नाही.

माझ्या कुंपणापलीकडे दोघांचं बोलणं झालं, ते मी ऐकलं.

"फिंटन, महिनाभर बसू दे तिला."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"म्हणाला, लंगडत नाही."

"मग झालं तर! तुला जमत नसेल तर सांग. पळवणारे छप्पन्न आहेत."

त्याच शनिवारी दुपारी नोरीनने पेगला माझ्याकडे आणून सोडलं, आणि पुढचं हॅमप्रकरण घडलं.

ट्रॅकवर फिंटनदेखत तिने माझी सालटी काढली. "अक्कल नावाची चीज नाही या मास्तरांना! यांच्या हाताखालची पोरं पास कशी झाली, देव जाणे!" मी बुटांकडे बघत उभा राहिलो. रविवारी माफी म्हणून ॲपल पाय भाजून घेऊन गेलो. तिने तो खाल्ला आणि ताटली धुऊन परत दिली.

पुढच्या शनिवारी दुपारी पेग पुन्हा माझ्या दारात!

"छप्पर गळतंय. संध्याकाळपर्यंत ठेवा," नोरीन म्हणाली.

आठ दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. "अहो, पण मागच्या वेळी मी..."

"हिला काही घालू नका." जाता जाता शेगडीकडे बघून, "काय शिजतंय?"

"मटण. बटाटे."

"हं," म्हणाली आणि गेली.

दोन वाजेपर्यंत मी तग धरला. संध्याकाळी पेग पुन्हा बाद, आणि माझ्या सालटीचा उरलासुरला भागही निघाला.

तिसऱ्या शनिवारी मी निर्धार केला. घरात फक्त पाव आणि चहा. नोरीन पेगला घेऊन आली आणि थंड शेगडीकडे बघतच राहिली.

"बरं नाही का मास्तर?"

"ठणठणीत आहे. पण शिजवणार नाही!"

ती गेली आणि दहा मिनिटांत सहा माणसांना पुरेल एवढं पातेलं घेऊन आली. "तुमच्यासाठी आहे. एकट्यासाठी." पातेलं तिने जमिनीवर ठेवलं. मला मनाई करणारीही हीच आणि पातेलं आणणारीही हीच. मी बधिर होऊन खुर्चीत बसलो. पेग मात्र अजिबात गोंधळली नव्हती.

त्या संध्याकाळी काटा बघून फिंटन नोरीनवर ओरडला, "ही कुत्री आहे की डुक्कर? ठेव तुझ्याकडेच!"

नोरीनने तिला माझ्याकडेच सोडलं, तेव्हापासून पेग माझ्या सोफ्यावर झोपते. मी नोरीनला मनातल्या मनात संत करून टाकलं होतं. सोमवारी सकाळी संतीण रस्त्याने आली, हातात एका नव्या करड्या ग्रेहाउंडचा पट्टा. मालक? फिंटन लाही.

मी फाटकाशी धावलो. "नोरीनबाई, एकीला पडद्यामागे जाण्यापासून वाचवलंत, आणि आता त्याच माणसाचा हा दुसरा? तुमचं मला काही म्हणजे काही कळत नाही!"

ती वाकली, कुत्र्याचा मागचा उजवा घोटा तिने मुठीत धरून पाहिला, आणि म्हणाली, "याचा पाय गार आहे."