बॉबिनीतला हिरवा धागा

"काऊन जी?"

ओठांत दोन टाचण्या धरलेल्या, मान डाव्या खांद्याकडे झुकलेली, आणि टाचण्यांच्या फटीतून आलेला हा प्रश्न. पार्सल आज आलं, काल काऊन नाई आलं? मोबाइलवर बोटानं सही घेता, ती सही कुठी जाते? खोका एवढा मोठा आणि वस्तू एवढीशी, काऊन जी भाऊ?

गोंडपिपरीत मी सात वर्षं कुरिअरचं काम केलं. पार्सल घेताना लोक सहसा पैसे किती आणि सुटे आहेत का, एवढंच विचारतात. कारण विचारणाऱ्या या शिलाईवाल्या बाई एकट्याच. तुम्हीही अशी एखादी व्यक्ती पाहिली असेल. पहिल्यांदा वाटतं, ही मुद्दाम खोड काढते आहे. मलाही वर्षभर तसंच वाटलं. मग एकदा त्यांनी पिनकोडचा कोणता आकडा कशासाठी असतो ते माझ्याकडून समजून घेतलं, आणि पुढच्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या माहेरचा पिनकोड त्यांना पाठ होता. तेव्हा कळलं, यांना खरंच माहीत करून घ्यायचं असतं.

त्यांचं नाव सांगत नाही. सांगितलं तर त्याच विचारतील, काऊन लिहिलं? त्यांचे मिस्टर वनरक्षक होते. बस स्टँडच्या मागे भाड्याचं घर, पुढच्या खोलीत पायाची जुनी मशीन, भिंतीला टांगलेले शाळेचे गणवेश. सगळे त्यांना बाई म्हणत, मीही म्हणायचो.

एकदा मला यायला उशीर झाला. म्हटलं, "बाई, रस्त्यात वाघ आडवा आला होता." दुसऱ्या कोणी "बाप्पा!" म्हणून छातीवर हात ठेवला असता. बाईंनी विचारलं, "कोनत्या बाजूनं कोनत्या बाजूले गेला? आमच्या मिस्टरायले सांगा लागते ना." मी थाप मारली होती. आधी डावीकडून म्हणालो, मग उजवीकडून. त्या गालातल्या गालात हसल्या आणि सहीसाठी बोट पुढे केलं.

गुडघे दुखायला लागले तेव्हा त्यांनी मोटरची शिलाई मशीन ऑनलाइन मागवली. बरेच दिवस बाजूला टाकलेले पैसे त्यात गेले. शाळा उघडायच्या आधी गणवेशाचं मोठं काम हातात होतं. मशीनचा खोका मीच नेऊन दिला. उचलतानाच मला दिसलं होतं, खोक्याला एकावर एक अशी दोनदा टेप लावली आहे. मी काही बोललो नाही. दिवसाला चाळीस खोके वाटणारा माणूस टेपकडे बघत बसत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

तीन दिवसांनी त्यांच्या दारावरून जात होतो, तर हाक आली. "भाऊ, इकडे या जी. हे पाह्या."

त्यांनी निळ्या कापडाचा तुकडा दाखवला. शिवण दहा टाके सरळ चाले, मग दोन टाके गायब, पुन्हा पाच, पुन्हा एक गायब. "टाके सोडून राह्यली. सुई बदलवून पाह्यली, धागा बदलवून पाह्यला. काऊन सोडत असन?"

मी म्हटलं, कंपनीला फोन लावा. त्यांनी माझ्यासमोरच लावला आणि आवाज मोठा केला. बरंच गाणं वाजल्यावर एक मुलगी बोलली, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

"ते ठीक हाये बाई. पन काऊन झाली गैरसोय?"

मुलीने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. चार वेळा असं झाल्यावर बाईंनी तिला विचारलं, "जेवली का तू?" मग "नाही मॅडम, अजून," असा अगदी वेगळा, घरातला आवाज आला, आणि रिटर्नचा अर्ज नोंदवला गेला.

रिटर्न न्यायलाही मीच जाणार होतो. मोबाइलवर एक एक प्रश्न येतो आणि त्याला हो किंवा नाही करायचं असतं. खोका आहे का? हो. बिल आहे का? हो. मशीनखालचा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो का? मी मशीन आडवी केली. क्रमांक वेगळाच होता. मी 'नाही' दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: ग्राहकाने वस्तू बदलली आहे, परत घेणे नाकारले.

बाईंनी वाचलं. ओठांतल्या टाचण्या काढून त्यांनी टाचण्यांच्या छोट्या उशीत खोचल्या. टाचण्यांशिवाय त्यांचं तोंड मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"म्हंजे म्या बदलवली? म्या चोरी केली?"

"बाई, ते मोबाइलच लिहितो. मी फक्त नाही दाबलं."

"पन दाबलं तर तुमीच ना?"

त्या ओरडल्या नाहीत. मी गाडीला किक मारून निघालो. आठ दिवस त्या गल्लीतली पार्सलं मी चौकातूनच फोन करून दिली.

गणवेशाचं काम त्यांनी पायाच्या मशीनवरच पुरं केलं. गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी बांधून शिवत होत्या, असं शेजारच्या बाईने सांगितलं. नवव्या दिवशी निरोप आला, भाऊंना पाठवा. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. गेलो तर त्या जमिनीवर बसलेल्या, समोर उघडलेली नवी मशीन आणि पांढऱ्या कागदावर हिरव्या धाग्याचा गुंता.

"हे बॉबिनीखालून, मशीनच्या पोटातून निंघालं. म्या तर निळा आणि पांढराच धागा लावला. मग हिरवा कोनाचा?" त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. त्यात जरीचा एक बारीक तुकडाही होता. "माया आधी कोन्या तरी बाईनं यावर हिरवा ब्लाउज शिवला, भाऊ. जरीकाठाचा. लगनाचा असन."

चोर ठरवलेल्या बाईच्या तोंडावर राग असायला हवा होता. तिथे नुसतं कुतूहल होतं. कोण असेल ती? तिच्याही मशीनने टाके सोडले असतील का?

मग त्यांनी खोका पुढे ओढला. वरच्या टेपखालची टेप त्यांनी आधीच उसवली होती. हो, उसवली हाच शब्द. ब्लेडने शिवण उसवावी तशी, कागदाला धक्का न लावता. पत्त्याच्या चिठ्ठीवर गरम ओलं फडकं ठेवून ती चिठ्ठी सोलून काढली होती. खाली दुसरी चिठ्ठी होती. नाव अर्धं फाटलेलं, गल्लीचं नाव शाबूत, आणि पिनकोड.

"वरोऱ्याचा हाये," बाई म्हणाल्या. पिनकोड मीच शिकवला होता.

वरोऱ्यात माझ्यासारखंच काम करणारा एक ओळखीचा होता. एका फोनचं काम. पण एका ग्राहकाचा पत्ता दुसऱ्याला द्यायचा नाही, असा आमचा कडक नियम. मी म्हटलं, "बाई, माझी कुरिअरची एजन्सी जाईल."

"मी पत्ता नाई मागत. त्या बाईले माया नंबर द्या. तिले वाटलं तर करन फोन."

हे मला सुचलं नव्हतं. वरोऱ्याच्या ओळखीच्याकडून मी नंबर पोचवला. दोन दिवसांनी फोन आला.

ती बाई वरोऱ्याच्या बाजारात गाद्या भरणाऱ्याची बायको. आम्ही पुढे तिला भाभी म्हणू लागलो. तिची बोली आमचीच, मध्ये मध्ये हिंदी. "मी तर नवीन समजून घेतली होती जी. दोन ब्लाउज शिवले, तिसऱ्याले टाके सुटाले लागले. वापस केली, मशीन घेऊन गेले, आणि मग मेसेज आला, तुमी वापरली म्हणून पैसे नाई. अरे, वापरल्याबगैर खराब हाये हे समजन कसं?"

म्हणजे भाभीकडे ना मशीन, ना पैसे. तिने आपलं बिल मोबाइलवर पाठवलं. बाईंनी मशीन आडवी केली आणि एक एक आकडा मोठ्याने वाचला. मी बिलावर बोट ठेवून तपासत गेलो. शेवटचा आकडाही जुळला. भाभीने परत केलेली मशीन नवी म्हणून बाईंना विकली होती.

"सापडली," बाई म्हणाल्या. मला वाटलं, चोरी सापडली म्हणतायत. त्या म्हणत होत्या, हिरव्या ब्लाउजवाली सापडली.

चंद्रपूरला ग्राहक आयोगात तक्रार द्यायचं ठरलं. वकील लावला नाही. अर्ज बाईंनी स्वतः लिहिला. एक कागद मात्र माझ्याकडून हवा होता. खोका आला तेव्हा दोनदा टेप लावलेला होता आणि क्रमांक तपासण्याआधी बाईंनी काही बदललं असेल असं दिसलं नाही, एवढं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचं.

मी टाळलं. आज गाडी पंक्चर, उद्या मेहुणीच्या लग्नाला राजुऱ्याला. बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. माझ्यासाठी आलेल्या चहाची कपबशी पुढे करून त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमची एजन्सी गेली तर तुमाले घर चालवा लागते. मी समजते. नाई देल्लं तरी चालन."

त्यांनी भांडण केलं असतं तर मी नक्की दिलं नसतं. दुसऱ्या दिवशी तहसीलच्या बाहेर बसणाऱ्याकडून कागद टाइप करून घेतला आणि सही केली. संध्याकाळी तो बाईंना नेऊन दिला.

आयोगातल्या तिसऱ्या तारखेला कंपनीचा तरुण वकील आला. भाभी वरोऱ्याहून पहाटेच्या गाडीने आली होती. दोघी पहिल्यांदाच भेटत होत्या. बाकावर शेजारी बसल्या आणि अर्धा तास मशीनबद्दल एक शब्द नाही. भाभीच्या ब्लाउजची बाही बाईंनी दोन बोटांत धरून पाहिली आणि विचारलं, "ही चुनी कशी टाकली जी?"

वकिलाने कागद पुढे केला. कंपनी बाईंचे पैसे परत देते, तक्रार मागे घ्या, इथे सही करा. बाईंनी कागद वाचला.

"आणि यायचं काय?" त्यांनी भाभीकडे बोट दाखवलं.

"त्यांचं प्रकरण वेगळं आहे, ताई. त्यांनी वेगळी तक्रार करावी."

"मशीन एक हाये. प्रकरण दोन काऊन?"

भाभी त्यांच्या पदराला धरून हळूच म्हणाली, "बाई, घेऊन टाका तुमचे. माझं पाहू पुढे." मीही तेच म्हटलं. गाव लांब, तारखा लांब, मिळतं आहे ते घ्यावं. बाईंनी पेनला टोपण लावलं. वकील बाहेर जाऊन फोनवर बोलला, आत आला, पुन्हा बाहेर गेला. शेवटी नवा कागद आला. दोघींचे पैसे परत. आणि बाईंच्या हट्टाने एक ओळ: सदर मशीन तक्रारदारास मिळण्यापूर्वी वापरलेली होती, ही बाब कंपनी नाकारत नाही.

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. "नाकारत नाई म्हंजे हो म्हणते ना, भाऊ?"

"वकिली भाषेत हो."

"साध्या भाषेत म्हनाले काय होते यायले?" असं म्हणून त्यांनी सही केली.

महिन्याभरात दोघींचे पैसे आले. मशीन न्यायला नागपूरहून कंपनीची गाडी आली. खोका बंद करण्याआधी बाईंनी मशीन उलटी करून तळाला पक्क्या शाईने मोठ्या अक्षरात काही लिहिलं. मी वाकून पाहिलं. 'टाके सोडते.' म्हणाल्या, "पुढच्या बाईले समजाले पाह्यजे."

माझी एजन्सी पावसाळ्यानंतर गेली. कारण कोणी सांगितलं नाही. त्या कागदामुळे गेली असेल, किंवा नसेल. मी बस स्टँडसमोर झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान टाकलं. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी काहीच विचारलं नाही. दुकानाच्या दाराला त्यांनी स्वतः शिवलेला जाड पडदा आणून लावला. धुळीने यंत्र खराब होतं म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मिस्टरांची बदली एटापल्लीच्या पलीकडे झाली. सामान छोट्या टेम्पोत मावलं. निघताना भेटायला आल्या, तेव्हा मी बँकेच्या पासबुकांच्या झेरॉक्सच्या गर्दीत होतो. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, हात हलवला आणि गेल्या. त्यांच्या नव्या गावात मोबाइलला रेंज नाही.

दिवाळीनंतर एके सकाळी दुकानात कोणी म्हणालं, "भाऊ, ओळखलं का?" भाभी होती. हातात कापडाचं गाठोडं. "कितीक दिवस झाले, बाईचा फोन लागून नाई राह्यला. त्यायच्यासाठी चुनीच्या बाहीचा ब्लाउज शिवला. म्हटलं, जाऊनच पाहावं."

एटापल्लीच्या बदलीचं मी सांगितलं, तरी तिला घर पाहायचं होतं. मी दुकान शेजारच्याकडे सोपवून तिला त्या घराकडे नेलं. दाराला घरमालकाचं कुलूप होतं. पुढच्या खोलीच्या खिडकीतून आत नुसती फरशी दिसत होती, आणि मशीनचे पाय जिथे होते तिथे चार फिके ठिपके. भाभी पायरीवर बसली, घोटभर पाणी प्यायली. मग म्हणाली, "एटापल्लीची गाडी किती वाजता हाये?"

"भाभी, आलापल्लीला उतरून दुसरी धरावी लागेल. तिथून पुढे गाव किती आत आहे, मलाही माहीत नाही."

"इचारत जाईन," ती म्हणाली.

गाडी आली. मी कंडक्टरला सांगून तिला खिडकीजवळ जागा मिळवून दिली. तिने गाठोडं मांडीवर घेतलं, त्याची गाठ सैल झाली होती ती पुन्हा घट्ट केली. गाडी आष्टीच्या रस्त्याला लागली आणि मी ती दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.