दोनशे चाळीस सोमवार

गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळे भूकंप म्हणायचे. बाटली पोटात नसली की त्याचा हात हलायचा आणि असली की अख्खा माणूस. गिऱ्हाईक गाल पुढं करायचं ते जिवावर उदार होऊनच.

एकदा पिऊनच तो लेकीच्या घरी नातीचे केस कापायला बसला आणि कात्री कानाला लागली. लेकीनं रडती पोर काखेत मारली आणि बापाला बाहेर काढलं. म्हणाली, "पाच वर्षं थेंब न घेता राहून दाखवा, बाबा. पुरी पाच. तोवर माझा उंबरा शिवायचा नाही."

दुकान सोमवारी बंद असायचं, आणि तोच पूर्वी पिण्याचा हक्काचा वार. आता आठवडा कोरडा गेला की सोमवारी आरशामागच्या भिंतीवर एक रेघ. चार रेघांचा महिना, तसल्या बारा महिन्यांचं वर्ष. त्याचा हिशेब असा सरळ होता.

पहिला महिना कुत्र्याचे हाल. कंगवासुद्धा हातात ठरेना. गिऱ्हाइकं लांबूनच पळायची. तेव्हा शेजारचा शिंपी आपण होऊन खुर्चीत बसला, मान वर केली आणि म्हणाला, कापलीस तर मीच टाके घालीन, तू वस्तरा चालव. त्या माणसाचे उपकार भूकंप अजून मानतो. गळा पुढं करणारा मित्र किती जणांना मिळतो?

साठ महिने भरले तसा धुतलेला सदरा घालून गडी लेकीच्या दारात. चपला काढल्या, पण पाय उंबऱ्याबाहेरच. दोनशे चाळीस सोमवार झाले, म्हणाला, एकही ओला नाही.

लेक शाळेत गणित शिकवायची. तिनं मनातल्या मनात भागाकार केला आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, वर्षाचे आठवडे बावन्न असतात. तुम्ही अठ्ठेचाळीस धरलेत. पाच वर्षांना अजून वीस कमी आहेत."

 म्हाताऱ्याचा वाद नाही, गयावया नाही. त्यानं चपला परत पायात सरकवल्या. "पुरी पाच ठरली होती पोरी. तुझं बरोबर आहे. येतो वीस आठवड्यांनी."

लेक बघतच राहिली. झोकांड्या खात येऊन पोरांच्या शपथा घेत 'चहाच प्यालो' म्हणणारा तो हाच बाप. मधे दोन-चार ओल्या आठवड्यांच्याही रेघा ओढल्या असत्या, तर हिला कुठं कळणार होतं?

"चपला काढा," ती म्हणाली.

"अन् वीस आठवडे?"

"ते माझ्या डोळ्यांदेखत काढा. दर सोमवारी जेवायला यायचं. दारातच तोंडाचा वास घेईन, सांगून ठेवते."

भूकंप आत गेला. हल्ली दाढीला साबण लावता लावता तो गिऱ्हाइकांना सांगतो, देवाचे उपकार, मला गणित दिलं नाही. दिलं असतं तर अजून पाच महिने बाहेरच राहिलो असतो.