पत्रं त्यांची, सही माझी

पुस्तकाशी भांडणारा असा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. मेहकरच्या आमच्या विद्यापीठ केंद्रात मी मराठीचा प्राध्यापक आणि ते ग्रंथालयाचे शिपाई. पण पुस्तकांवर खरं राज्य त्यांचंच. नवं पुस्तक आलं की आधी ते स्वतः वाचणार, मग कपाटात लावणार. तोवर संचालक जरी मागायला आले तरी "बाइंडिंगले गेलं" हे ठरलेलं उत्तर. पानाचे कोपरे दुमडणाऱ्या एका प्राध्यापकाला त्यांनी महिनाभर जुन्या पंचांगांशिवाय काही दिलं नाही. कादंबरी परत करणाऱ्या मुलींना ते शेवट विचारत, आणि सांगता आला नाही तर नवा शिक्का मारून तेच पुस्तक पुन्हा हातात ठेवत.

लेखकाची चूक सापडली की मात्र त्यांना जेवण जात नसे. एका नामवंत कादंबरीकाराचा बैल दुसऱ्या प्रकरणात डाव्या डोळ्यानं आंधळा होता आणि सातव्यात उजव्या. आठवडाभर तळमळून त्यांनी चार पानी पत्र लिहिलं आणि केंद्राच्या कागदावर पाठवता का, म्हणून माझ्याकडे आणलं. त्या कागदावर सही प्राध्यापकाचीच चाले. केंद्राची व्याख्यानमाला त्या वर्षीपासून माझ्याकडे होती, म्हणून खाली निमंत्रणाची एक ओळ जोडून मी सही ठोकली. मोठमोठ्या शहरांना नाही म्हणणारे ते कादंबरीकार आठ दिवसांत शेगाव स्टेशनवर गाडीतून उतरले आणि घ्यायला गेलेल्या मला म्हणाले, "बैल ओळखणारे तुम्हीच ना?" मी नुसता हसलो. हसणं काही कबुली नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग तोच शिरस्ता पडला. एका थोर शिक्षणतज्ज्ञांना आमच्या शिपायांनी माझ्या सहीनं कळवलं, की तुमच्या आदर्श शाळेच्या नकाशात मुलींना लघवीला जागा नाही. ते नवा नकाशा घेऊनच आले. प्रत्येक पाहुणा भाषणात माझ्या वाचनाची तारीफ करी, आणि इस्त्रीचा सदरा घालून हे पडद्यामागे डोळे मिटून ऐकत. मागणं एकच होतं, "सर, एखाद्या डाव पाच मिनिटं पाहुण्यासमोर बसवून द्या. बोलाचं हाये." दरवर्षी मी म्हणे, पुढच्या वर्षी नक्की.

एका वर्षी एक वृद्ध कथालेखिका आल्या. सगळ्या स्टाफरूमसमोर त्यांनी मला विचारलं, माझी नायिका शेवटी खोटं बोलते हे तुम्हाला कशावरून कळलं? मी ती कथा वाचलीच नव्हती, आणि पत्रावर न वाचताच सही केली होती. मी खोकलो. तेवढ्यात दारातून आवाज आला, "बाई, तिनं पत्र चुलीत जाळलं म्हणता, पण त्या दिवशी तं चूल पेटलीच नव्हती." बाई वळून त्यांच्याकडे पाहू लागल्या. मी घाईनं म्हणालो, "तुम्ही जरा हॉलमधल्या खुर्च्या बघा." ते गेले. खुर्च्या त्यांनी सकाळीच मांडल्या होत्या.

त्यानंतर त्यांनी एकही पत्र लिहिलं नाही. कुणी काहीही मागावं, ते मुकाट काढून देत. शेवट विचारणंही थांबलं. निमंत्रणं मी लिहू लागलो. आधी नकार आले, मग तेही येईनात. दोन वर्षांत व्याख्यानमाला बंद पडली. तिला मोबाइलनं मारलं, असं मी निवृत्त होताना माझ्या निरोपाच्या भाषणात सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. ते खोटं होतं. मारलं मीच.

गेल्या महिन्यात डोणगावला त्यांच्या घरी गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हिरवी पट्टी लावून ते खाटेवर बसले होते. मी सगळं कबूल केलं. हे लिहितोय, तुमचं नाव छापतो, म्हणालो. त्यांनी हात हलवला.

"नाव राहू द्या सर. माह्या सहीनं कोण आलं असतं?"

"आले असते," मी म्हणालो.

ते हसले. त्या हसण्यात राग नव्हता. आणि मी तर रागच ऐकायला गेलो होतो.