घेवड्याचं तिसरं पान

माझी थोरली मावशी बावीस वर्षं कचरा कुजवते. हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्या घरातही आधी सगळे हसलेच होते. भाजी मंडईच्या मागच्या मोकळ्या जागेत तिचे सात ढीग आहेत. मंडईतला सडका माल रोज सकाळी तिथे येतो आणि त्याच्या दुप्पट वाळका पाला ती त्यात घालते. पाला कमी पडला की ढीग नासतो, आणि दुकानदार नाकाला रुमाल लावून भांडायला येतात. ढिगात कोपरापर्यंत हात घालून ती ऊब बघते. मी हौसेने आणून दिलेला थर्मामीटर कपाटात पडलाय. तयार खत गावाबाहेरच्या अकरा मळ्यांवर जातं आणि तिथली भाजी परत याच मंडईत येते. टेम्पो माझा. म्हणजे मी तिची भाची, ड्रायव्हर आणि बोलणी खाणारी, सगळं एकटीच.

मावशीचा एक नियम आहे, अगदी काळ्या दगडावरची रेघ. ढीग तयार झाला की दोन कुंड्या भरायच्या. एकीत नुसती माती, दुसरीत माती आणि ढिगातलं खत. दोन्हींत घेवड्याचे पाच-पाच दाणे टोचायचे आणि तीन आठवडे थांबायचं. तिसरं पान सपाट उघडलं तर खत बाहेर जाणार. आवळून वाटीसारखं झालं तर तो ढीग बंद. कारण एकच, हिरवळीवर मारतात ते तणनाशक. गवताला ते काही करत नाही, पण रुंद पानांच्या झाडांची पार वाट लावतं. ढिगाच्या उष्णतेत रोग मरतात, तणाचं बी मरतं, हे औषध मात्र ढिम्म राहतं. या नियमापायी तिने एका बड्या साहेबालाही बागेसाठी खत दिलं नव्हतं. "साहेब, घाई आहे ते घेवड्याला सांगा," म्हणाली.

आणि तोच नियम यंदा तिने मोडला. कुणासाठी? तर सख्ख्या धाकट्या बहिणीसाठी.

धाकट्या मावशीचा मळा त्या अकरांपैकीच एक. तिची टोमॅटोची रोपं वाढून चालली होती, आज लावू की उद्या असं झालेलं. रोज फोन. "ताई, माझ्यासाठी एवढंही करणार नाहीस?" चौथ्या ढिगाच्या कुंड्यांना तेव्हा नऊच दिवस झाले होते. त्या ढिगात खेळाच्या मैदानावरचं कापलेलं गवत होतं. तिथला माळी शपथेवर म्हणाला होता, औषध मारलेलं नाही. माळी नवा होता आणि औषध त्याच्या आधीच्याने मारलं होतं, हे नंतर कळलं. मावशीने कुंडीकडे पाहिलं, कोंब तर चांगले दिसत होते. "भर टेम्पो," म्हणाली. तो मंगळवार होता. बुधवारी चारशे रोपं लागली.

पुढच्या गुरुवारी खताच्या कुंडीतलं तिसरं पान उघडलं. वाटीसारखं. पाचही झाडांचं.

मावशीने ढिगावर ताडपत्री ओढली आणि मला म्हणाली, "कुठे बोलू नकोस. मी बघते."

रविवारी आम्ही मळ्यावर गेलो. टोमॅटोचे शेंडे पिळवटले होते. धाकटी मावशी एकेक पान हातात घेऊन दाखवत होती. "ताई, हे काय झालंय गं?" आणि बावीस वर्षं साहेबांनाही न बधणारी माझी मावशी म्हणाली, "पाणी जास्त होतंय. थोडे दिवस बंद ठेव."

मी तिथेच उभी होते. परत येताना टेम्पोत मी तिला नाही नाही ते बोलले. खोटं का बोललीस, मळा तिचा आहे, तुझा नाही. एरवी ती टेम्पो थांबवायला लावून उतरून चालती झाली असती. त्या दिवशी सगळं ऐकून घेतलं.

बुधवारी दुपारी धाकटीचा फोन आला. "ताई, तू सांगितल्यापासून पाणी बंदच आहे हं. शेजारच्या मिरचीचंही केलंय, म्हटलं तिलाही जास्त होत असेल."

मिरचीला या ढिगाचं खत घातलंच नव्हतं. मिरची ठणठणीत होती. मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. "गाडी काढ," म्हणाली. चपलाही घालायच्या विसरली.

मळ्यावर मिरचीचा पूर्ण पट्टा मान टाकून उभा होता. मावशी बसली नाही, पाणी प्यायली नाही, उभ्याउभ्याच बोलली. "पाण्याचं काही नाही. माझं खत वाईट होतं. तीन आठवडे व्हायच्या आत दिलं. तुझा टोमॅटो गेला. त्या तुकड्यात आता मका लाव, मक्याला ते गवतातलं औषध बाधत नाही. जमीन साफ व्हायला वर्ष लागेल, दोनही लागतील."

धाकटीने विचारलं, "रविवारी तुला माहीत होतं?"

"हो. गुरुवारपासून."

धाकटीने आधी जाऊन मिरचीला पाणी सोडलं. नळी वाफ्यात नीट बसवली, हात पुसले आणि परत आली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"खत चुकलं ते चुकलं. मीच मागे लागले होते. लावीन मका. पण ताई, आता तू म्हणालीस ना, आंघोळीचं पाणी कोमट आहे, तरी मी आधी बोट घालून बघेन."

"बघत जा," मावशी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, तशीच ती वाकली आणि पहिल्या रोपाला हात घातला.

"राहू दे," धाकटी म्हणाली. "लावलीत मी. उपटीनही मीच."

मावशीने हात मागे घेतला. आम्ही दोघी बांधावर उभ्या राहिलो आणि ती एकटी उपटत गेली. चारशे रोपं होती.