दुरुस्त होण्यासारखे नाही

रामदासपेठेतल्या हॉस्पिटलात वैशालीताईंना शेवटचा भेटलो, तेव्हा त्यांनी तब्येतीचं काही बोलूच दिलं नाही. “माह्या विषयाले यंदा पोट्टे किती आले गा?” “आले... बरेच,” मी म्हणालो. आले होते दोन. तेवढ्यावर ऐच्छिक विषय चालत नाही, आणि तो बंद करण्याच्या पत्रावर विभागप्रमुख म्हणून माझीच सही होती. आठ दिवसांनी त्या गेल्या. माझं खोटं तसंच राहून गेलं.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही वीस वर्षं बरोबर शिकवलं. त्यांचा विषय इलेक्ट्रॉनिक्स उद्योग आणि पर्यावरण. त्यात पुस्तक कमी, स्क्रू-ड्रायव्हर जास्त. कॉलेजातलं जुनं यंत्र भंगारात काढायचं तर ‘दुरुस्त होण्यासारखे नाही’ अशा दाखल्यावर सही लागते. बाकीचे आम्ही ती डोळे झाकून करायचो. ताई आधी ते यंत्र मुलांसमोर ठेवायच्या, उघडायला लावायच्या, आणि निम्मी यंत्रं चालू होऊन परत टेबलावर यायची. स्टोअरवाला वैतागायचा, मीही. एकदा वायरी जाळून तांबं काढतात तिथे त्या मुलांना घेऊन गेल्या. मुलं खोकून बेजार. “हा धूर बी तुमच्याच डिझाइनमधला हाये,” एवढंच बोलल्या.

त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी नोकरी लागल्यावर पेढे घेऊन आला. त्याच्या टीमनं बॅटरी अशी चिकटवली होती, की उघडायला गेलं तर वस्तू तुटणारच. केवढ्या आनंदानं सांगत होता... ताईंनी पेढा खाल्ला, त्याची पाठ थोपटली. तो गेल्यावर म्हणाल्या, “मी त्याले उघडणं शिकवलं. त्यातूनच तो बंद करणं शिकला गा.”

गेल्या आठवड्यात त्यांची प्रयोगशाळा रिकामी केली. तिथे नवे संगणक यायचे आहेत. यादी लांबलचक होती. एकही यंत्र न उघडता मी दाखल्यावर सही केली. भंगारवाल्यानं विजेच्या लहरी दाखवणारा एक जुना ऑसिलोस्कोप सहज प्लगला लावून पाहिला. पडद्यावर हिरवी रेघ उमटली.

“साहेब, हा तं चालू हाये. काहून देऊन राहिले?”

दाखला त्याच्याच हातात होता.

“न्या,” मी म्हणालो.