टॅरिफ आणि अर्धा इंच

“कारागिरांचा रेट कम करो साहेब, नाहीतर ऑर्डर गया समझो.” शेठनी बायरचा मेल माझ्यापुढे धरला आणि माझ्या उत्तराची वाट न बघता उल्हासनगरच्या दुकानाकडे निघून गेले.

मी अंबरनाथला फर्निचरच्या एका छोट्या युनिटमध्ये प्रॉडक्शन बघतो. पाइन लाकडाची साइड टेबलं करून आम्ही अमेरिकेला पाठवतो. तिथे लाकडी सामानावर टॅरिफ, म्हणजे आयातकर, वाढला. कर भरतो तिकडचा बायर. पण तो म्हणतो, तुम्ही भाव उतरवा. लाकूड स्वस्त होत नाही, कंटेनरचं भाडं हलत नाही. मग शेठची नजर मजुरीवर जाते. आमच्याकडे मजुरी नगावर. रेट उतरला की काम तेवढंच आणि घरी पैसे कमी.

हे जाधव मिस्त्रींना सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. कुळगावचे हे आमचे सर्वांत जुने सुतार. मुलगी नुकतीच नर्सिंगला लागलेली, तिची फी याच रेटवर.

त्यांनी मशीन बंद करून शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सर, रेट नंतर कापा. आधी हे बघा.”

फळी आठ फुटांची, टेबलाचा पाय दोन फुटांचा. हिशोबाने चार पाय निघायला हवेत. पण प्रत्येक कापाला करवत थोडं लाकूड खाते, टोकंही साफ करावी लागतात. म्हणून निघतात तीनच. उरलेला तुकडा आखूड, तो जळणात जातो.

“पाय अर्धा इंच कमी केला, तर चार निघतील.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“पहिल्याच लॉटला बोललो होतो ना सर. तुम्ही बोलले, ड्रॉइंग म्हणजे ड्रॉइंग.”

बोललो होतो खरा. बायरच्या ड्रॉइंगला हात लावायचा नाही, हा आमच्या लाइनचा धर्म. तो पाळण्यात मी किती लाकूड जाळलं, हे आठवून मला लाज वाटली.

बायरला मेल टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं, चालेल. वाचलेल्या लाकडातून भाव उतरवून दिला, रेट तसाच राहिला. शेठ माझी पाठ थोपटायला लागले, तेव्हा मी मिस्त्रींचं नाव सांगितलं. “अच्छा आदमी है,” म्हणाले. रेट वाढवायचं मात्र नाव काढलं नाही.

अडचण आली की आम्ही वरचे लोक आधी मजुरी मोजतो, लाकूड नंतर. मी मिस्त्रींना सॉरी म्हटलं.

“असू द्या सर,” ते मशीन चालू करत म्हणाले. “पुढच्या टायमाला पहिले विचारा, मग कापा.”