आईच्या चष्म्याची मनिऑर्डर

माझ्या हातून आईवर झालेला सर्वांत मोठा अन्याय मी रीतसर अर्ज करून घडवून आणला. आज पन्नाशी उलटल्यावर तो कबूल करतो.

तेव्हा मी अकोल्याला कारकून होतो आणि आईवडील वरूडजवळच्या आमच्या खेड्यात राहत. आईला डाळीतले खडे दिसेनासे झाले होते. (बाबांची एक दाढ त्यातच गेली.) अमरावतीला जाऊन तिने चष्मा करून घ्यावा, म्हणून मी तिच्या नावे पंचवीस रुपयांची मनिऑर्डर केली. पोस्टमनने ती ओट्यावर बसलेल्या बाबांच्या हाती दिली आणि बाबांनी बैलांना घुंगरमाळा आणल्या. (बैलांची दृष्टी उत्तम होती.)

हे कळताच मी तडक अकोल्याच्या पोस्टमास्तरांसमोर उभा राहिलो.

"रक्कम भलत्याच माणसाला दिली गेली आहे. पाठवणारा या नात्याने ती परत मिळणे हा माझा हक्क आहे."

"भलता मानूस म्हंजे कोन?"

"माझे वडील."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "मंग वसूल कोनापासून करू? तुमच्या बाबापासून?"

मी ती मागणी विनयाने मागे घेतली. मात्र नवा अर्ज दिला की, यापुढे माझ्या आईने पतीच्या नावासह आपले संपूर्ण नाव स्वमुखाने सांगितल्यावाचून तिला रक्कम देऊ नये. खाली दोनदा सही केली.

पुन्हा पंचवीस रुपये पाठवले. पंधरा दिवसांत ते माझ्याच दारी परत आले. शेरा होता : 'घेणारी नाव सांगत नाही.' कमिशन परत मिळत नाही, हेही त्या निमित्ताने कळले.

मी धास्तावून गावी गेलो.

"थो पोस्टमन म्हने, नवऱ्याचं नाव सांगा," बाबा म्हणाले. "म्या म्हनलं, अरे, हा काय नवरा, इथंच बसून राहिला! तर म्हने, तुमी बोलू नका, वरून अर्ज आला हाये."

"मग?"

"मंग म्हने, उखान्यात सांगा," आई म्हणाली. "लग्नात एकडाव घेतला, थेवढा पुरे. पंचवीस रुपयांसाठी पोस्टमनपुढं उखाना घेऊ काय मी? कोन्या मुडद्यानं केला रे हा अर्ज?"

मी बैलांकडे पाहिले. घुंगरमाळा खरोखरच सुरेख होत्या.

दुसऱ्याच दिवशी मी स्वतः आईला अमरावतीला नेले. दुकानदाराने चष्मा तिच्या कानांवर नीट बसवला आणि विचारले, "दिसते काय, मावशी?"

आईने प्रथम त्याच्याकडे, मग रस्त्याकडे आणि शेवटी बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहिले.

"थो अर्ज तुनंच केला ना रे?" ती म्हणाली.

चष्म्याचा नंबर अचूक होता.